तलावाकाठी वाचवलेली नऊ मिनिटं: कुंभार पिंपळगाव ते जांब समर्थ

गेल्या डिसेंबरात कुंभार पिंपळगावच्या पाझर तलावातून मी पाचवा बाहेर आलो आणि सायकलवर सतरावा बसलो. मधल्या वेळात मी अंग पुसलं, केस विंचरले आणि मोज्यांची डावी-उजवी जोडी लावली. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, घड्याळ न थांबता. कपडे बदलायचा वेळही त्यातच धरतात, हे मला महागडे बूट विकणाऱ्या पुण्याच्या दुकानदाराने सांगितलं नव्हतं. दोन थांब्यांवर मिळून अकरा मिनिटं गेली. वेळमर्यादा संपल्यावर सहा मिनिटांनी पोचलो, तेव्हा स्पर्धा भरवणारं गावचं तरुण मंडळ मांडव सोडत होतं.

म्हणून यंदा दोन दिवस आधी निघालो, कपडे घालायला शिकायला. वय वर्षं एक्केचाळीस. शिकवणार होती माझी चुलत बहीण शोभाताई, गावातल्या शाळेत पी.टी.ची शिक्षिका. स्पर्धेतली एकटी बाई. गेल्या वर्षी मी पोचेपर्यंत तिचा चहासुद्धा पिऊन झाला होता.

पुण्याहून सकाळची एसटी पकडली. सायकल टपावर, तिचं तिकीट वेगळं. दुपार कलताना नवीन जालन्यात उतरून पुढे जीप. जीपवाल्याने सायकल वर बांधता बांधता शांतपणे विचारलं, "साहेब, सायकल हाय तर मंग जीप कायला?" मी दोरीचं दुसरं टोक धरलं. बारा माणसं बसली तरी त्याला जीप रिकामी वाटत होती, अठराव्यावर त्याचं समाधान झालं. अंबड, घनसावंगी करत गेलो. घनसावंगीनंतर रस्ता आहे, असं म्हणायची पद्धत आहे. कुणी येणार असाल तर हिवाळ्यात या. गावात लॉज नाही, नातेवाईक शोधून ठेवा.

दुसऱ्या दिवशी ताईने अंगणात माझी बॅग उपडी केली. दोन टॉवेल, कंगवा, हातमोजे, तीन मोजेजोड, पावडर. तिने पावडर तेवढी ठेवली.

"तू सायकल चालवायला आलास का लग्नाला?" ती म्हणाली.

मग शिकवणी सुरू झाली. पाण्यातून निघताच, पळता पळता चष्मा आणि टोपी काढायची. पोहताना घातलेली चड्डी शेवटपर्यंत तीच. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर लोंबते. बुटांत पावडर, मोज्यांना सुट्टी. नाड्यांच्या जागी तिने शिंप्याकडचं इलॅस्टिक ओवलं, म्हणजे गाठ मारायचं काम संपलं. सायकल हलक्या गिअरवर लावून ठेवायची आणि ती कुठल्या झाडापाशी आहे हे पाठ करायचं. दिवसभरात मी तीस-एक वेळा अंगण ओलांडलं. शेजारच्या काकू भाकरी थापायच्या थांबल्या होत्या.

जेवताना मी विचारलं, तू हे सगळं कुठे शिकलीस? मला वाटलं, एखादं पुस्तक सांगेल. ती म्हणाली, बायांना कपडे बदलायला आडोसा न्हाई. सलवार-कमीज घालून पोहायचं आणि तशीच ओली बाहेर यायची. काठावर अख्खं गाव उभं, त्यात सासूबाई, त्यात शाळेच्या संस्थेचे लोक. "जितका कमी टाइम उभी राहीन तितकं बरं. म्हणून जल्दी करायला शिकले."

ठेचा तिखट असल्याचं सांगून मी पाणी आणायला उठलो.

स्पर्धेच्या सकाळी मी पुन्हा पाचवाच निघालो, पण या वेळी मिनिटभरात हेल्मेटचं बक्कल लागलं. सायकल उचलली तेव्हा शोभाताई पाण्यातून येत होती. काठावरच्या माना तिच्याकडे वळल्या. मी म्हटलं, ताई, चल लवकर.

ती म्हणाली, "तू हो पुढं."

आणि ती थांबली. कमीजचं पाणी पिळलं, तोंड पुसलं, केस सोडून पुन्हा बांधले, तांब्याभर पाणी प्यायली. शाळेच्या मुली मागच्या बाजूला दाटीवाटीने उभ्या होत्या. त्यांना तिने हात करून पुढे बोलावलं, पुरुषांच्या पुढे. मग सावकाश सायकलवर बसली.

जांब समर्थच्या देवळापासून परतायचं होतं. त्याच्या बऱ्याच आधी तिने मला मागे टाकलं. देवळापाशी वळसा घालून मी परत आलो आणि सायकल ते बूट हा थांबा इलॅस्टिकच्या कृपेने मिनिटभरात उरकला. इतक्या झपाट्याने, की हेल्मेट डोक्यावरच राहिलं. किलोमीटरभर तसाच धावलो. कापूस वेचणाऱ्या एका बाईने सांगितलं, "दादा, एवढं ऊन न्हाई पडलं." तेव्हा काढलं.

वेळमर्यादेच्या चार मिनिटं आधी पोचलो. मांडव उभा होता. ताई माझ्याआधी पोचली होती. मी विचारलं, काठावर एवढा वेळ का घालवलास?

"दोन वर्षं घाई केली," ती म्हणाली. "आता बघू दे त्यांना."

सासूबाई तिच्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनीच तिचा कमीज दोरीवर वाळत घातला. याचा अर्थ काय, मला अजून कळलेलं नाही.

पुण्यात येऊन आठवडा झाला. ऑफिसमध्ये सगळ्यांना माझी वाचलेली नऊ मिनिटं सांगून झाली, कुणालाही फरक पडला नाही. काल ताईचा फोन आला. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी शाळेतल्या सात मुलींनी नावं दिली आहेत, दोघींच्या घरून अजून नकार आहे, ती भेटायला जाणार आहे. मी उत्साहाने विचारलं, पहिल्या दिवशी काय शिकवणार, हेल्मेट की इलॅस्टिक?

"तरंगायला," ती म्हणाली.