त्या साली परेड झाली होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या लोकांत मी फार वर्षं भला माणूस म्हणून वावरलो — आणि ती सवय लागली की सहजी सुटत नाही.

मी कोल्हापुरात मास्तर होतो. शाळेत इतिहास शिकवायचा, संध्याकाळी वाचायचं, आणि एका साप्ताहिकात सत्कार, मिरवणुका, हारतुरे यांची टिंगल करणारं सदर लिहायचं. विषयांचा तुटवडा नव्हता. संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पागोटी गेली होती, टोप्या आल्या होत्या, हार तेवढे तेच होते.

आमच्या गल्लीत ज्ञानू हवालदार राहत. सगळे त्यांना आबा म्हणत. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याकडे लढून आले होते. आता साठी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घराबाहेर पडायचं तर कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवावा लागे. एक दिवस ते चाचपडत माझ्या दारात आले.

"मास्तर, माझ्या पलटणीतली माणसं कुठं कुठं हायत, तेवढी हुडकून द्या की."

हुडकायची कशी? त्यांना गावं आठवत होती, पत्ते नव्हते. मग मी पोस्टकार्डं लिहू लागलो — 'पोलीस पाटील, मौजे अमुक' यांना. पाटलानं ते चावडीवर वाचावं, आणि तो शिपाई हयात असेल तर त्याला सांगावं. उत्तरं येऊ लागली, नाना तऱ्हेच्या अक्षरांत. तिकडच्या प्रत्येक म्हाताऱ्यालाही एकेक मास्तर गाठावा लागला असणार. पुष्कळ कार्डांवर नुसतं 'वारले' एवढंच असे. आबा तेही मला दोनदा वाचायला लावत.

माझ्या शाळेच्या पुस्तकात त्या लढाईवर अर्धं पान होतं. आबांच्या ओसरीवर मला बाकीची लढाई मिळाली. पखालीतलं पाणी चहासारखं तापायचं आणि चहा मात्र मिळायचा नाही, हे कुठल्या इतिहासकारानं लिहिलं आहे? त्या दुपारांसाठी मी त्यांचा ऋणी आहे. हे आधीच सांगून टाकतो — पुढचं वाचल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

एक कार्ड गगनबावड्याच्या बाजूनं आलं. रामा सुतार हयात होता. आबा उठून उभे राहिले, आणि उभं राहून करायचं काय ते न सुचून परत बसले. रामा, आबा आणि शिदू असे तिघे एका तंबूत. शिदू तिकडेच तापानं गेला. दोघांनी जेवणाच्या टोपांनी वाळू उकरून त्याला पुरला होता.

दर नोव्हेंबरात शहरात जुन्या शिपायांची परेड व्हायची. शेवटी मेलेल्यांची हजेरी घेत. नाव पुकारलं की त्याच्या बरोबरच्या गड्यानं 'हाजीर' म्हणायचं — पण म्हणायचं कुणी? जो त्याच्या शेजारी झोपला, जेवला, त्यानंच. डोळे गेल्यापासून आबा गेले नव्हते आणि रामाला परेडीचा पत्ताच नव्हता. त्यामुळे शिदूचं नाव पुकारलं जाई आणि कुणीच बोलत नसे.

"औंदा दोघं मिळून हाळी देऊ," आबा म्हणाले. "रामाला कळवा. मला तेवढं तुम्ही घेऊन चला."

मी कळवलं. नेतो असं कबूलही केलं.

आणि मग — इथे माझी लेखणी अडते, पण अडून उपयोग नाही — परेडीच्या पंधरवडाभर आधी मी सदरात तिच्यावरच लिहिलं. परक्या राजासाठी लढून आणलेली बिल्ले-पदकं, ती घासूनपुसून मिरवणारे म्हातारे, पुढे बेसूर बँड. लेख फार गाजला. चहाच्या दुकानात मित्रांनी तो मोठ्यानं वाचला. एकानं तर मोडीतल्या पितळेचा भावही विचारला. मी हसलो. आता त्याच रस्त्यावरून, त्याच मित्रांसमोरून, पदकं लावलेल्या म्हाताऱ्याचा हात खांद्यावर घेऊन मी चालायचं?

आदल्या दिवशी मी ओसरीवर गेलो. आबांनी कोट झटकून दोरीवर टाकला होता.

"आबा, परेड या वर्षी नाही. रद्द केली."

त्यांनी दोरीवरचा कोट चाचपून खाली घेतला. मग म्हणाले, "रामाला कळीवलं का? म्हातारा हकनाक हेलपाटा घालंल."

"कळवलं," मी म्हणालो.

कळवलं नव्हतं. कळवणार काय — परेड होतीच की! दुसऱ्या दिवशी बँड शाळेवरून गेला, पोरं खिडकीशी धावली, आणि मी त्यांना दटावून जागेवर बसवलं. असा कडक मास्तर मी एरवी नव्हतो.

आठ दिवसांनी रामाचं कार्ड आलं. 'मी आलो होतो. तुझी बारापर्यंत वाट पाहिली. शिदूची हाळी एकट्यानं दिली. तुझी तब्येत कशी आहे?' मी ते आबांना वाचून दाखवलं — म्हणजे, खुशालीचं तेवढं. कार्ड एका जाड पुस्तकात घातलं. ते अजून तिथेच आहे.

पावसाळ्यात रामा वारला. त्याच्या मुलाचं कार्ड मी पूर्ण वाचलं. त्यातला एकही शब्द वगळायची सोय नव्हती.

त्या नोव्हेंबरात मी आबांना घेऊन गेलो. मित्र रस्त्याकडेला होते. एकानं हात केला, दुसऱ्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि आभाळ कोसळलं नाही. एवढ्याचंच मला भय होतं! मैदानावर थाट असा नव्हताच. अंगाला ढगळ झालेले कोट, कुणाची काठी, कुणाचा खोकला. तेवढ्यात त्यांच्याच पलटणीतले पेठ वडगावचे गणू नाईक आबांना ओळखून पुढे आले.

"काय रं ज्ञानू! गेल्या साली कुठं मेलतास? रामा आलता की! ह्या हितं उनात हुबा. भाकरी सोडंना — म्हणं, ज्ञानू आला की दोघं खाऊ."

आबांचा हात माझ्या खांद्यावर होता. बोटं एकदम आवळली. मी समोर पाहत राहिलो. आता ते काय म्हणतील? सगळ्यांदेखत विचारतील? विचारावं, असंही क्षणभर वाटलं.

"ताप आलता मला," आबा म्हणाले. "मास्तरांनी हातरुणातनं उठूच दिलं न्हाय."

"बरं केलं की मास्तर," नाईक मला म्हणाले.



हजेरी सुरू झाली. शिदूचं नाव आलं. "हाजीर!" आबा ओरडले. मग रामा सुतार. या वेळी मात्र जरा उशीर झाला. इतका, की पुकारणाऱ्यानं कागदावरून मान वर केली. मग आबांनी हाळी दिली. परतताना ते म्हणाले, बँडवाल्यांना सूर सापडंना. एवढंच. त्या वर्षाबद्दल त्यांनी मला कधीच विचारलं नाही.

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. मी कार्डं लिहीत राहिलो, वाचत राहिलो — अक्षर न अक्षर. दर नोव्हेंबरात त्यांना नेत राहिलो. माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षं होती; इतक्या म्हाताऱ्यांनी मला आपल्यात बसवून घेतलं, आपल्या भाकरीतला तुकडा दिला. सांगायला किती जागा होत्या! ओसरी होती, रस्ता होता, डोळ्यांच्या दवाखान्यातला तासन्‌तासांचा बाक होता. मी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतं, मग सांगायचं काय, असं मी स्वतःला समजावत असे. पण ठाऊक असणं वेगळं आणि माझ्या तोंडून ऐकणं वेगळं, हे कळण्याइतकी पुस्तकं मी वाचली होती.

आणि दर वर्षी मैदानावर कुणी नवखा भेटला, की आबा माझा दंड धरून मला पुढे करत. "ह्ये आमचं मास्तर. आमा सगळ्यास्नी ह्येंनी एकत्र आणलं."

मी हात जोडायचो.