पोचलेलं चिपटं

निलंग्याहून फोन आला तेव्हा मी मिरच्यांची देठं काढत होते. आक्का गेल्या... लातूरहून पोहोचेपर्यंत दुपार झाली. लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती. दुकानात बसायच्या अगदी तशाच. त्यांचा पुतण्या महेश गळा काढून रडत होता. मला त्याची कीव यायला हवी होती, पण आली नाही.

आक्कांचं काळ्या मसाल्याचं दुकान. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. अठरा वर्षं मी त्यांच्याकडे कांडपाला होते. पुढे गुडघे धरले तसं त्यांनी गिऱ्हाईकही माझ्यावरच सोडलं. मिसळायला मात्र स्वतः बसायच्या. धने-मिरच्या पायलीनं घ्यायच्या, आणि लवंग, दगडफूल एका पितळी चिपट्यानं, पाव शेराच्या मापानं. त्या चिपट्याचं बूड कधीतरी पडून चांगलं आत गेलेलं. दारातून बघणाऱ्याला मापं मोजता यायची, पोचा दिसायचा नाही.

आपल्यामागं दुकान माझ्या नावानं करायचं त्यांच्या मनात होतं. तसं त्यांनी महेशला बोलावून सांगितलं. जागा त्याच्या बापाच्या नावावर. तो माझ्यासमोरच म्हणाला, "कांडपवालीला दुकान? लोक तोंडात शेण घालतील." चार दिवसांनी दुकान स्वतःच्या नावानं करायचा स्टॅम्प पेपर घेऊन आला. सही करा, नाहीतर सामान बाहेर काढा. आक्कांनी सही केली. वर, कशाची किती मापं तेही त्याला लिहून घ्यायला लावलं. मी संतापले. आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

नवव्या दिवशी त्या मला एसटीनं लातूरला घेऊन गेल्या, तांबटाकडे. आधी एक नवं चिपटं घेतलं. जुन्यात तांदूळ भरून नव्यात ओतायचे, आणि दोन्ही सारखी भरेपर्यंत नव्याचं बूड आत ठोकायला लावायचं. मग जुनं पुढं केलं आणि त्याचा पोचा काढून सपाट करायला सांगितलं. तांबट चक्रावला. आक्का शांतपणे म्हणाल्या, "पुतण्याला द्यायचंय. त्यात खोट नको."

परतीच्या गाडीत नवं चिपटं माझ्या मांडीवर ठेवलं. "लातुरात जागा बघ. म्या काय लई दिवसांची न्हाई." त्यानंतर मी लातूरला जाईपर्यंत वर्षभर त्या सपाट चिपट्यात दोन बोटं कमी भरत राहिल्या, दाराकडे पाठ करून. माझा राग तेव्हा गेला. आक्कांवरचा.

परवा महेश माझ्या लातूरच्या दुकानात आला. चेहरा उतरलेला. "ताई, मसाला कडू व्हायलाय. लोक परत आणून द्यायलेत. काकूनं लिहून घ्यायला सांगितलं तसंच करतोय... काही राहिलंय का?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. आक्का असत्या तर कदाचित विरघळल्या असत्या. मी नाही. म्हटलं, काकूंनी सांगितलं तसंच करत राहा.

त्यानं फळीवरचं चिपटं सहज उचललं, उलटं केलं, बुडावर अंगठा फिरवला.

"असलं पोचलेलं कशाला वापरता?" तो म्हणाला. "काकूचं बघा, कसं सपाट हाय. ठोकून घ्या की."

"राहू द्या," म्हटलं. "आक्कांची आठवण आहे."