अर्धी तरी घे

आखातातल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीत ज्या कंपनीच्या ऑफिसात मी काम करायचे, तिच्या मालकांना आम्ही सगळे काकाच म्हणायचो. रविवारी ते मला मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी जेवायला बोलवत. त्या रविवारी मी ठरवून गेले होते: कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाही, हे आज सांगायचंच. आधीच्या कितीतरी रविवारी ते राहून गेलं होतं.

काकांना वाळवंटातले सिनेमे आवडतात, म्हणून मी टीव्हीवर एक जुना ऑस्ट्रेलियन थरारपट लावायला सुचवला. वर्षानुवर्षं विसरला गेलेला, मग पुन्हा सापडलेला; आता त्या धाटणीचं काहीही आलं की आधी याचीच आठवण निघते. खाणीच्या गावात एक मास्तर रात्रीपुरता उतरतो आणि अडकतो. त्याला कोणी डांबत नाही. जो तो हसत बियर पाजतो, आणि नको म्हटलं की चेहरे उतरतात.

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" काका म्हणाले. "चांगली माणसं आहेत की."

त्यांची मुलगी मोबाइलमध्ये बघतच म्हणाली, "व्हाय कान्ट ही जस्ट से नो, बाबा?"

"असं तोंडावर नाही म्हणतात का कुणाला?"

तेवढ्यात काकूंनी वाढायला घेतलं. मी ताटावर हात आडवा धरला, तर पुरी बोटांवर. सगळे हसले, मीही.

आमच्या घरी कामगार चळवळीची पत्रकं यायची. त्यांच्या घड्या घालतच मी वाढले. त्यांतला मालक लगेच ओळखू यायचा. बोटांवर गरम पुरी वाढणाऱ्या घरासाठी मात्र एकही घोषणा नव्हती. काका मला मुलगी म्हणत, आणि कंपनीच्या लेबर कॅम्पमध्ये राहणाऱ्या कामगारांची तक्रार माझ्या तोंडातच राही.

"काका, मी कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाहीये. परत जातेय."

काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "आमचं काही चुकलं का गं?"

याच प्रश्नाला मी इतके दिवस भीत होते.

"चुकलं. कॅम्पमधले एसी बंद आहेत. माणसं गच्चीवर झोपतात."

"ते होईल, इन्शाल्ला. खलास. आता जेव."

काकूंनी पुरी मोडली. "अर्धी तरी घे."

"नको, काकू."

त्यांनी ती तरीही ठेवली. मी खाल्ली नाही. ताटाच्या कडेला ती गार होत गेली, आणि सिनेमा संपेपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही.