ताट तेवढं इसळून ठेवा

"पावणं, ताट तेवढं इसळून ठेवा की. नळ मागं हाय."

संभाची आई असं म्हणाली तेव्हा माझ्या बोटांना रश्श्याचा वास व्हता अजून. संभाच्या गावची जत्रा, शाहूवाडीकडं. घराच्या पुढच्या सोप्यात पंगत बसलेली, मी माझ्या पोरीला घेऊन गेलतो. जेवणं झाली तशी सगळ्यांची ताटं कोपऱ्यात एकावर एक पडली, भांडीवाल्या बाईसाठी. माझं तेवढं माझ्या हातात. पोरगी अजून जेवत व्हती.

आवाज गोड. शिवी न्हाय, झिडकारणं न्हाय. घटकाभर आधी तीच मला आग्रह करत व्हती, "लाजू नका पावणं, घ्या आणि एक पळी." वाढता वाढता विचारलं, "उचगावात कुठली गल्ली म्हणायची तुमची?" मी म्हटलं, बौद्ध वाड्यातला. लपवायचं काय त्यात? "बरं बरं," म्हणाली. त्यानंतर पळी माझ्या ताटाला टेकली न्हाय. माझ्या पोरीच्याबी न्हाय. रस्सा वरनं पडायला लागला.

मी संभाकडं बघितलं. संभा मोबाईलात बघत व्हता.

आणि मी उठलो. तेच सांगायचंय मला. मुकाट्यानं ताट घेऊन उठलो. राग आला न्हाय. लाज वाटली न्हाय. दात काढताना सुई दिल्यावर गाल कसा होतोय, तसं सगळं अंग. आपलं असून आपलं न्हाय.

आता हा संभा कोण, ते ऐका.

सात वर्षं मी मस्कतात व्हतो. एसी दुरुस्तीचं काम. कंपनीच्या कॅम्पात एका खोलीत सहाजण, त्यात कोल्हापूरकडचे दोघंच, मी आणि संभा. माझ्या हाताला चव, म्हणून सैपाक माझ्याकडं. पहिल्याच आठवड्यात संभानंच नियम केलता, रांधणाऱ्यानं भांडी घासायची न्हाईत. बाकीच्यांनी पाळी लावून घेतली. संभाची पाळी आली की माझं ताट संभा घासायचा. सात वर्षं घासलं. माझ्या बायकोनं केलेली कांदा-लसणाची चटणी मी घरनं न्यायचो, तर हा गडी डब्याच्या तळाला बोट फिरवून चाटायचा. वर म्हणायचा, "लेका, वैनीच्या हातात सोन्याचं कडं घातलं पायजे." माझं आडनाव गळ्यातल्या बिल्ल्यावर लिहिलेलं. त्याला सगळं ठावं व्हतं की. तिकडं त्याचं काय अडलं न्हाय.

कायमचा परत आलोय तसं लोक विचारतात, तिकडची आठवण येती का? पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचा, त्याची न्हाय येत. सुपरवायझर नंबरानं हाक मारायचा, "ए एकशेचार," त्याची न्हाय. भर उन्हात गच्चीवर पत्र्याला हात लागला की कातडं निघायचं, त्याची कशाला येईल? माझा बाप गेला तेव्हा रजा मिळाली न्हाय. बापाची माती मी मोबाईलवर बघितली, आणि बघून झाल्यावर कामावर गेलो. तो दिवस आठवायचा न्हाय म्हटलं तरी आठवतोय, पण त्याला आठवण येणं म्हणत न्हाईत.

आठवण येती ती मोरीची. हसू नका. कॅम्पातल्या त्या तुंबलेल्या मोरीची. संभा लुंगी वर खोचून माझं ताट घासतोय आणि मी शेजारी उभा राहून चहा पितोय. एवढंच. तेवढ्यावर मी समजून चाललो की गडी बदलला. मी खुळा. त्याला बघणारं तिथं त्याच्या गावचं कोण न्हवतं, म्हणून घासत व्हता.

तर नळाखाली मी ताट धरलं. पाणी गार व्हतं. मागनं पावलं वाजली. माझी पोरगी, आठ वर्षांची. तिच्या हातात तिचं ताट. तिला कुणी सांगितलं न्हवतं. बाप करतोय म्हणून ती आलेली. माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "पप्पा, बाकीची पोरं न्हाईत व्हय घासणार?"

तिथं कळ आली. सुई उतरायला लागल्यावर येती तशी, हाडापर्यंत. माझा आजा असाच उकिडवा बसला असंल, त्याच्या शेजारी माझा बाप. आता मी, आणि शेजारी ही. शिकवायला शब्दबी लागत न्हाय.

तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. खरकटं तसंच दगडावर ठेवलं. माझंबी शेजारी ठेवलं. म्हटलं, "ऊठ बाळा. पावण्यांनी ताट धुवायचं नसतंय."

तिचा हात धरून सोप्यात गेलो. "काकी, दोन ताटं मागं दगडावर हाईत. उष्टी हाईत. बाकीच्यांत मिसळा, न्हायतर टाकून द्या. आम्ही घासणार न्हाय."

आवाज चढला न्हवता माझा. 

"आता गं बया," ती म्हणाली, "एवढं काय झालं त्यात?"

संभानं मान वर केली न्हाय.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "आई जुन्या वळणाची हाय रं, मनावर घेऊ नगंस. माझी रजा संपत आली, मी पुढच्या महिन्यात परत मस्कतला निघालोय. तुझी जागा अजून रिकामी हाय. चल की. तिकडं न्हाय तसलं काय."

तिकडं न्हाय. म्हणजे माझं ताट घासायला ह्याला समुद्र ओलांडावा लागतोय. आणि तेवढ्यासाठी मी परत पासपोर्ट कपाटात द्यायचा, परत एकशेचार व्हायचं. पळसाला पानं तीनच, हे माझा बाप सांगून गेलता. मला कळायला सात वर्षं आणि एक पंगत लागली.

म्हटलं, "संभा, मी येत न्हाय. उचगावातच दुकान टाकतोय. आणि तुझ्या घरी जेवायला यायचं तर एकच अट हाय. जत्रा असू दे. सोपा भरलेला असू दे. तुझ्या आईदेखत माझं आणि माझ्या पोरीचं ताट तू घासायचं. सात वर्षं घासलंस. हाताला सवय हाय तुझ्या."



"असं कसं व्हईल रं?"

"मग न्हाय येत," म्हटलं आणि फोन मी ठेवला.

त्याचा नंबर मी खोडलेला न्हाय. अटबी खोडणार न्हाय. संभा ती पाळत न्हाय तवर माझी पोरगी त्या दारात पाऊल ठेवणार न्हाय, आणि माझ्या हातनं परत कुणाच्या मागच्या नळाखाली ताट धरलं जाणार न्हाय.