बफ मारलेलं नाणं

घरातलं जुनं नाणं विकायला काढणार असाल, तर हे वाचा.

आज निपाणीत नाण्यांचा लिलाव होता. माझ्या ओळखीच्या, कंग्राळीच्या भरमाला मीच घेऊन गेलो. त्याच्या आजोबांचं चांदीचं नाणं इतकं दुर्मीळ, की नुसत्या फोटोवरच बड्या संग्राहकांनी चौकशी केली होती. वाटेत मी अंदाज केला, एक लाख.

"न्हाय अण्णा, दोन. लई मोठी माणसं यायल्यात," भरमा म्हणाला. त्याला स्वतःचं लेथ मशीन घ्यायचं होतं.

लिलावात एका संग्राहकाने नाण्यावर भिंग धरलं. "हे कुणी घासलं?"

"घासलं न्हाय, बफ मारलाय," भरमा अभिमानाने म्हणाला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात तो मशीनवर धातू घासून चकाकवायचं, पॉलिशचंच काम करतो.

"अक्षरं गेली की हो. फोटोतल्या नाण्याला मी दोन लाख दिले असते."

बोली चांदीच्या भावावरच थांबली.

"जरा स्वच्छ करून आण," असं परवा फोनवर मीच सांगितलं होतं. भरमाने तिथं माझं नाव घेतलं नाही. परतताना गाडीवर एवढंच म्हणाला, "तुमचा बी अंदाज चुकला की, अण्णा."

मी पत्रकार; बातमीत चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. हा खुलासा मी कुठे छापू?