गाईपुढे ओतलेलं पातेलं

भाच्याच्या मुंजीत पातेलंभर भात, टोपलीभर पुऱ्या आणि जिलब्या उरल्या. आमच्या स्नेहलतागंजात सकाळी कचरागाडी येते, पण तिच्या ओल्या डब्यात शिजलेलं अन्न टाकायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. म्हटलं, गाईच्या मुखी जाऊ दे. आमच्या दूधवाल्या भियांचा (इकडे भैयाला भिया म्हणतात) गोठा शहराबाहेर सिमरोलला. रिक्षा करून गेले. त्यांच्या घरी कुणी नव्हतं. त्यांच्या दुभत्या गाईपुढे सगळं ओतलं, तिनं चाटूनपुसून खाल्लं. काय तो माझा पुण्य केल्याचा तोरा!

दुसऱ्या दिवशी सकाळी भियांचा फोन. "भाभीजी, गाय बैठ गई, उठती नहीं. पड़ोसी बोले आप आई थीं. कुछ खिलाया क्या?"

"थोडंसं. गोग्रास," मी म्हटलं. चक्क खोटं! जन्मभर शाळेत पोरांचे कान पिळले, आणि आता हे.

फोन ठेवला नि चपला पायात सरकवल्या. तशीच सिमरोल गाठली. गाईची डावी कूस फुगलेली, शेण पाण्यासारखं, आंबूस वास. गुरांचे डॉक्टर साधी पोटफुगी समजून तेल पाजायच्या तयारीत होते. "नक्की काय खाल्लं?"

"थोड़ा-सा गोग्रास," भिया म्हणाले.

मी गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेवढ्यात गाईनं मान जमिनीवर टाकली, आणि मी ओरडलेच, "थोडंसं नाही हो! पातेलंभर भात, पुऱ्या, जिलब्या. मीच घातलं!"

डॉक्टर भडकले. "अहो मॅडम, एवढं एकदम पोटात आंबतं, त्याचं आम्ल होतं. मरते गाय त्यानं!" तेल राहिलं बाजूला. नळीनं सोड्याचं पाणी, मग सलाईन. भियांनी मान धरली, मी बाटली. ऊठ गं बाई, ऊठ, एवढंच पुटपुटत होते. दुपार टळल्यावर ती धडपडत उभी राहिली आणि मला रडूच कोसळलं.

"जगेल," डॉक्टर म्हणाले, "दुधाचं मात्र सांगता येत नाही."

तीन आठवड्यांनी बघायला गेले. त्या आम्लानं खूर सुजून गाय लंगडत होती, दूध निम्म्यावर आलेलं. दुसरी गाय गाभण, आटलेली, म्हणजे घर हिच्याच जिवावर. कुणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं. भियांच्या बायकोनं चहा पुढे ठेवला. कोरा.

"जितना निकलता है, ग्राहकों को देना पड़ता है," ती म्हणाली.

आमच्या घरी त्या दिवशीही सकाळी नेहमीचं लिटरभर पोचलं होतं.