कागदावर जाळलेली सीट

गंगापूर रोडवरच्या एका दुकानदाराने एका तरुण जोडप्याला तडा गेलेली जुनी बेबी कार सीट नवी म्हणून विकली. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली, पण त्या सीटचा तपास अजून माझा पिच्छा सोडत नाही.

नवरा अंबडच्या कारखान्यात, बायको शिक्षिका, मुलगी दहा महिन्यांची. तिघे पिंपळगाव बसवंतहून नाशिककडे येत होते. पुढच्या कांद्याच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला आणि यांची गाडी त्याच्यावर मागून आदळली. आईबापांचे खरचटण्यावर निभावले. मुलगी मागे, पाठमोऱ्या बसवलेल्या बेबी सीटमध्ये होती. ती सीट पाठीकडून दुभंगली. मुलीच्या मानेला जबर मार बसला.

जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो, तर आजोबा सुनेवर तोंडसुख घेत होते. "उलटं बसवायचं खूळ हिचंच. मांडीवर घेतली असती तर आज नात खेळत असती!"

मी मुळात तापट. मीही बोलून गेलो, "बाई, एवढंसं लेकरू मांडीवर मावत नव्हतं का?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन झापले. "साहेब, मांडीवर असती तर काचेवर गेली असती. या वयात डोकं जड, मान कोवळी. पाठमोरं बसवलं की हिसका सगळ्या पाठीवर विभागला जातो. आईने बरोबरच केलं. तुटली ती सीट."

लहान मुलाला गाडीत नीट बांधून बसवलेच पाहिजे, असा कायदा आहे. नाकाबंदीत मी हेल्मेटच्या कितीतरी पावत्या फाडल्या. मूल मांडीवर घेतलेली गाडी मात्र कधी अडवली नाही.

निघताना ती आई एवढेच म्हणाली, "साहेब, माझं चुकलं का, तेवढं शोधून सांगा."

तिसऱ्या दिवशी गाड्यांची सीटकव्हरे शिवणारा एक कारागीर आपणहून ठाण्यात आला. त्याने पेपरात त्या सीटचा फोटो पाहिला होता. "साहेब, त्यावरचं कापड मीच शिवलंय. आतलं प्लास्टिक लय जुनं व्हतं. दुकानदार म्हणला, शोकेसला ठेवायचंय. लेकरू बसणार हे मला ठाऊक नाय."

दुकानदाराला बोलावले. माझे वडील पिंपळगावच्या बाजारात हमाल होते. घासाघीस मी तिथेच शिकलो. पहिला भाव ऐकायचा आणि गप्प बसायचे.

"नवा माल आहे, साहेब."

मी चहा मागवला.

"म्हणजे, थोडा वापरलेला असेल."

मी कारागिराचा जबाब टेबलावर ठेवला.

"भंगारवाल्याकडून घेतली, साहेब. सगळेच घेतात!"

"सगळ्यांची नावं सांग, मग."

तो रडू लागला. तेवढ्यात पंचांसमोर सीटचे कापड उसवणारे आमचे हवालदार थबकले. पट्ट्याच्या खाचेत लाल लाखेचा तुकडा आणि त्यात अडकलेला दोरा होता.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "ही तर आपल्या सीलची लाख."

जप्त वस्तूला चिठ्ठी बांधून, लाख ओतून सील करायचे, हे काम पोलीस सोडून कोण करतो? मुद्देमाल नोंदवही काढली. आधीच्या एका जीवघेण्या अपघातातली ती सीट आमच्याच ठाण्यात जमा होती. न्यायालयाने ती नष्ट करायला सांगितले होते. पंचनाम्यात लिहिले होते, 'जाळून नष्ट केली.' खाली दोन पंचांच्या आणि एका अधिकाऱ्याच्या सह्या होत्या. आमच्याकडे जाळण्याचा पंचनामा टेबलावरच होतो. माल भंगारात जातो आणि आवार मोकळे झाले म्हणून सगळे खूश होतात. मीही तशा कागदांवर सह्या केल्या आहेत, हे लपवत नाही.

सगळे लिहून वर पाठवले. माझे वरिष्ठ साहेब म्हणाले, "दुकानदार सापडला ना? घरची धुणी चव्हाट्यावर कशाला?" दोषारोपपत्र गेले, त्यात दुकानदार आणि भंगारवाला. पंचनाम्याचा परिच्छेद गळाला. मी भांडलो. माझी बदली झाली.

जाण्याआधी त्या घरी गेलो. मुलगी वाचली होती, पण डावा हात उचलत नव्हती. आजोबांसमोर मोठ्याने सांगितले, "बाई, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही बसवली तीच पद्धत योग्य." आजोबांनी मान खाली घातली.

तिने विचारले, "मग चुकलं कोणाचं?"

मला ठाऊक होते. तरी खाकीची लाज राखायला मी "तपास चालू आहे" म्हणालो. त्या वाक्याची मला आजही शरम वाटते. एकदा अपघात सोसलेली सीट पुन्हा वापरायची नसते, हे मी या तपासात शिकलो. आणि हेही शिकलो की आमचा खोटा कागद शेवटी कुणाच्या तरी लेकराच्या पाठीखाली जातो.

न जाळलेली सीट जाळली म्हणून ज्याने सही केली, तो अधिकारी आज माझ्यासारखाच पेन्शन घेतो. परिच्छेद गाळणारे साहेबही घेतात. दोघांनी त्या घरी जावे आणि त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. तिच्या समोर बसून, स्वतःच्या तोंडाने.